युक्क्याला पाणी मीच घातलं

आक्का,

तुमचं झाड पडलं. तुमच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी चहाच्या वेळी. वारा नव्हता, कुणी धक्काही दिला नव्हता. मी मागच्या ओट्यावर बसून बशीत चहा ओतत होते आणि समोर तुमचा युक्का हळूच कलला. एसटीत एखादं म्हातारं माणूस पेंगत पेंगत शेजारच्याच्या खांद्यावर जातं ना, तसा. कलत कलत कंपाउंडच्या भिंतीला जाऊन टेकला. दोन पुरुष उंचीचं झाड, तीन शेंड्यांचं, पान न् पान भाल्यासारखं. पण पडल्याचा आवाज म्हणाल, तर पाटीतून मेथीच्या जुड्या ओतल्यावर होतो तेवढाच.

मी बशी खाली ठेवली. धावत गेले नाही. धावण्यासारखं काही उरलेलं नाही, हे मला तीन आठवड्यांपासून माहीत होतं.

शेजारची मंगल मात्र धावत आली. तिनं झाडाकडे पाहिलं, मग तुमच्या खोलीच्या खिडकीकडे, मग माझ्याकडे, आणि पदर तोंडाला लावला. "आक्कांच्या मागं गेलं गं बाई," म्हणाली. "मुकं झाड, पण माया बघ." दुपारपर्यंत ते वाक्य निम्म्या मखमलाबादला पोचलं होतं. भेटायला येणारी माणसं आधी तुमच्या फोटोपुढे बसायची आणि मग उठून झाड बघायला जायची. एका पुतण्यानं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, त्यावर दिवसभर जोडलेल्या हातांचा पाऊस. एका विहीणबाईंनी तर खोडाला हळदकुंकू लावलं. मी ओठ मिटून बाजूला उभी. लोकांना वाटलं, आता हिचा बांध फुटणार.

आक्का, माया वगैरे काही नाही. झाड पाण्यानं सडलं आणि पाणी मी घातलं. पाच महिने, एक दिवस न चुकवता. तुम्ही अंथरुणावरून रोज विचारायचात, "युक्क्याला पाणी नाही ना घालत?" आणि मी रोज तितक्याच सहज सांगायची, "नाही हो आक्का."

तुम्ही गेलात तेव्हा हे सांगायचं राहिलं. आधी सांगायची हिंमत नव्हती, म्हणून आता कागदावर सांगतेय. कागद उलटून बोलत नाही.

तुमची-माझी ओळखच पाण्यावरून झाली. लग्नाला दोन महिने झाले होते. मी वीस वर्षांची आणि शहाणपणा एवढा, की माहेरच्या घरात मावला नाही म्हणून सासरी घेऊन आलेली. यांनी मला मनमाडला तुमच्याकडे चार दिवस ठेवलं. थोरली नणंद, रेल्वेच्या क्वार्टरात राहते, फार कडक आहे, असं सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं. मी ठरवलं, पहिल्याच दिवशी जिंकायचं. सकाळी तुमच्या आधी उठले. मोरीशेजारी दोन पिंपं काठोकाठ भरलेली. त्यातल्या पाण्यानं पडवी धुतली, पायऱ्या धुतल्या, आणि पाणी उरलं म्हणून समोरचा रस्ताही थोडा धुतला. मग दोन बादल्या अंगावर घेऊन, ओले केस पाठीवर सोडून, कौतुकाची वाट बघत दारात बसले. त्या बाईचा फोटो असता तर मी आज तो फ्रेम करून संडासात लावला असता.

ते तुमचं आठ दिवसांचं पिण्याचं पाणी होतं. नळ पुन्हा कधी येईल याचा तुमच्या गावात नेम नव्हता.

तुम्ही पिंपात डोकावलात. दोन कळश्या उचलल्या, एक माझ्या कमरेवर दिलीत आणि स्टेशनाकडे चालू लागलात. स्टेशनाबाहेरच्या नळाला ही रांग. परत येताना माझी कळशी हिंदकळून माझं निम्मं लुगडं भिजलं, तुमच्या कळशीतलं पाणी हललंसुद्धा नाही. दारात आल्यावर एवढंच म्हणालात, "तुझं माहेर पाटावरचं ना? दिसतंच."

त्या एका 'दिसतंच'चा मी पन्नास वर्षं राग धरला. तुम्ही विसरलाही असाल.

पण खरंच पाटावरचं होतं, आक्का. गिरणाऱ्याकडची आमची भाजीची शेती, कालव्याच्या पाटाला लागून. बाराव्या वर्षापासून मी पाण्यामागे उभी. एक वाफा भरला की पायानं मातीचा बांध मोडायचा, पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं, पुन्हा बांध घालायचा. माणूस दारात आलं की आधी तांब्या, जनावर आलं की बादली, रोपानं मान टाकली की पाणी. आमच्याकडे माया करायची रीत तेवढीच. दुसरी कुणी शिकवली नाही.

तुम्ही निवृत्त होऊन माहेरी कायमच्या आलात, तेव्हा तुमच्याजवळ एक ट्रंक होती आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला हात-दीड हात लांबीचा एक दांडका. वर पाच-सहा टोकदार पानं. रेल्वेच्या जुन्या बंगल्याच्या आवारातलं झाड, बंगला पाडायला घेतला म्हणून तुम्ही त्याची फांदी आणलीत. मी विचारलं, झाडू आणलात का? तुम्ही म्हणालात, युक्का. मी म्हटलं, नावही शिंकल्यासारखं आहे.

तुम्ही तुमच्या खिडकीखाली खड्डा खणायला लावलात. आमची काळीभोर जमीन, तिच्यात तुम्ही खडी टाकलीत, मुरूम टाकलात, आणि दांडका खड्ड्यात नाही तर वर टेकाड करून त्यावर लावलात. मी खुरपं घेऊन आळं करायला बसले, तर माझा हात धरलात. "आळं नको. याच्या पायाशी पाणी थांबलं की हे गेलं." मग तुमच्या भावाकडे वळून म्हणालात, "द्राक्षाला ताण देता ना रे तुम्ही? पाणी तोडलं की मगच घड धरतात. हिला सांग जरा." हे नुसतेच हसले. ह्यांचं सगळं आयुष्य तुमच्या-माझ्या मधे बसून हसण्यात गेलं. मी म्हटलं, "कोथिंबिरीला ताण देऊन बघा एकदा, मग कळेल."

त्या झाडावरून आपण वीस वर्षं भांडलो. मे महिन्यात मी म्हणायची, बघा कसं उभं आहे, तोंडाला कोरड पडली असेल. तुम्ही म्हणायचात, तुझ्या पडली असेल, तू पी. आणि ते मेलं वाढायचं. कुणाकडे काही न मागता, वर्षाला वीतभर वाढायचं. मला खरं सांगायचं तर त्याचाच राग होता. ज्याला आपली गरज नाही, त्याच्याशी कसं वागायचं ते मला कळत नाही. तुमच्याशीही कळलं नाही.

आणि केवडा आठवतो? मंगल नवी राहायला आली, तेव्हा तिनं भिंतीवरून विचारलं, हे कसलं झाड. मी म्हटलं, केवडा. पानं तशीच दिसतात ना. मग दर गणपतीत ती यायची, कणीस आलं का गं? मी म्हणायची, यंदा पाऊस कमी होता. पुढल्या वर्षी, यंदा पाऊस जास्त झाला. सहा-सात वर्षांनी एका भाद्रपदात त्याला खरोखरच तुरा आला, पांढऱ्या घंटांनी लगडलेला, पोराएवढ्या उंचीचा. मंगल ताट घेऊन हजर. हुंगून हुंगून म्हणाली, "वास नाय येत गं याला." मी म्हटलं, "शहराची हवा, वास उतरतो." तुम्ही खिडकीत होतात. हसून हसून तुम्हाला ठसका लागला, आणि मंगल गेल्यावर म्हणालात, "विमल, तू खोटं इतक्या सरळ तोंडानं बोलतेस की मला भीती वाटते."

ते वाक्य या पाच महिन्यांत मला रोज आठवलं.

तुमच्या किडन्या गेल्या हे कळलं, तेव्हा हे जाऊन चार वर्षं झाली होती. घरात मुलगा-सून-नात असली तरी दिवसभर आपण दोघीच. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला द्वारका चौकाच्या पलीकडच्या दवाखान्यात जायचं. पुलाखालच्या त्या गर्दीत गाडी अडकली की तुम्ही खिडकीतून बाहेरच्या उसाच्या रसवाल्याकडे बघायचात आणि मी तुमच्याकडे बघायचं टाळायची. डॉक्टरांनी पाणी बांधून दिलं होतं. चहा, ताक, औषधाबरोबरचा घोट, सगळं धरून दिवसाला एक बाटली, तीही पुरती भरलेली नाही. नातीनं, ईश्वरीनं, आपल्या नखांच्या लाल रंगानं त्या बाटलीवर खुणा करून दिल्या. सकाळी इथपर्यंत, दुपारी इथपर्यंत. डॉक्टर म्हणाले, पेशंटला हेच सगळ्यात अवघड जातं. तुम्ही म्हणालात, "तीस वर्षं मनमाडात काढली आहेत. मला नका सांगू."

आणि खरंच तुम्हाला जमलं. जमलं नाही ते मला. तुमच्यासमोर पाणी प्यायची लाज वाटायला लागली. स्वयंपाकघरात जाऊन, नळ बारीक सोडून, भांड्याचा आवाज होऊ न देता प्यायची. वाफ्यात मान टाकलेलं रोप बघून घरात बसून राहायचं, असं आयुष्यात कधी केलं नव्हतं. तुमचे ओठ फुटायचे, मी त्यांना तूप लावायची, आणि माझ्या हाताला समजायचंच नाही की आता पुढं काय करायचं.

एक दिवस दुपारी चारला तुमचा शेवटचा घोट झाला. तुम्ही बाटली उताणी करून बघितलीत आणि खाली ठेवलीत. मला तिथं थांबवेना. मागं जाऊन नळाला पाइप लावला. उगाच. कोपऱ्यातल्या मेथीला सोडायचं म्हणून पाइप ओढत होते, तर वाटेत तुमच्या खिडकीखाली पाणी सांडलं. आतून तुमचा आवाज आला, "विमल, काय करतेस?"

मी म्हटलं, "मेथीला पाणी देतेय."

तुम्ही मग म्हणालात, "राहू दे चालू. ऐकायला बरं वाटतंय."

आक्का, तुम्ही असं म्हणालात. नळ जरा गळला तरी उठून तीनदा चावी आवळणाऱ्या तुम्ही.

मग ते रोजचंच झालं. चारचा घोट झाला की मी मागं जायची. मेथीचा वाफा लांब होता, तिथून तुम्हाला काही ऐकू आलं नसतं. खिडकीखाली तुमचं झाड होतं. पहिल्या दिवशी पाइप त्याच्या बुंध्याशी टाकला, तर टेकाडावरून पाणी निसटून मुरमात जिरून जायचं, आवाजच होईना. म्हणून मी खुरपं घेतलं. टेकाड फोडलं, मुरूम उपसून बाजूला केला आणि छान गोल आळं केलं, माझ्या वडिलांनी बघितलं असतं तर पाठ थोपटली असती. मग पाणी साचून गळगळ वाजायला लागलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तुम्ही आत डोळे मिटून पडलेल्या. मी बाहेर पाइप धरून उभी. आपलं दोघींचं एवढं चांगलं कधी चाललं नव्हतं.

आणि हेही लिहितेच, लपवायचं कशाला. मला त्या झाडाला पाणी घालताना बरं वाटायचं. जे तुम्हाला देता येत नव्हतं ते कुणाला तरी देत होते. दोन पाट्या शेणखतही टाकलं.

पाइप बंद करून आत आले की तुम्ही विचारायचात, "युक्क्याला नाही ना?" आणि मी, "नाही हो." एकदा तुम्ही म्हणालात, "एवढं पाणी पिऊन तुझी मेथी केवढी झाली असेल गं." मी म्हटलं, "कमरेएवढी." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी तुमच्या चादरीच्या सुरकुत्या काढायला लागले.

तुम्हाला कळलं होतं का, आक्का? तुमच्या खिडकीतून फक्त शेंडे दिसायचे, बुंधा दिसत नव्हता, पण कान तर होते. खिडकीखाली वाजणारं पाणी कोपऱ्यातल्या मेथीचं कसं असेल, एवढा हिशेब तुम्हाला येत होता. कळलं होतं आणि तरी ऐकत राहिलात, की माझ्यावर विश्वास टाकून पडून होतात? मी दोन्ही धरून बघते. दोन्हीत मला झोप लागत नाही.

चैत्रात त्याची खालची पानं पिवळी पडली. मला वाटलं, ऊन वाढलं, पाणी कमी पडतंय. मी पाइप जास्त वेळ धरला. बाहत्तर वर्षांची बाई, अख्खं आयुष्य भाजीपाल्यात गेलेलं, आणि अक्कल तीच, रस्ता धुणारी. मग एक दिवस बुंध्याला हात लावला तर अंगठा आत गेला. नासलेल्या मुळ्यासारखा वास आला. मी हात धुतला आणि तुमच्या खोलीत आले. तुम्ही विचारलंत, "झाड बरं आहे ना?" म्हटलं, "मस्त आहे."

त्या दिवसापासून पाणी बंद केलं. आवाजासाठी पाइप सिमेंटच्या कट्ट्यावर सोडायला लागले, पण कट्ट्यावर तसा आवाज येत नाही.

आता त्या दुपारबद्दल. तुम्हाला दवाखान्यात ठेवून तिसरा दिवस होता. सून खाली औषधं आणायला गेलेली. बाटलीतलं दुपारचं पाणी झालं होतं, लाल खुणेपर्यंत. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "विमल, आज मापाच्या वरचं दे थोडं."

पाच महिन्यांत तुम्ही एकदाही मागितलं नव्हतं. एकदाही नाही. बाटली माझ्या हातात होती, नळ समोर होता. जन्मभर मी ज्याला नको त्याला पाणी पाजत आले. आणि त्या दिवशी, त्याच दिवशी, मला शहाणपण सुचलं. म्हटलं, "आक्का, डॉक्टर नको म्हणालेत ना."

तुम्ही म्हणालात, "बरं." आणि भिंतीकडे तोंड केलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्या घोटानं काही बिघडलं नसतं आणि काही सुधारलंही नसतं. म्हणजे देऊन चाललं असतं. हे त्यांनी मला समजूत घालायला सांगितलं, आक्का. मग सगळे जमले आणि म्हणायला लागले, तोंडात पाणी घाला, गंगाजल घाला, वहिनी तुम्ही घाला. मला चमचा दिला. मी घातलं. ते तुमच्या ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर आलं. पुन्हा घाला म्हणाले. पुन्हा घातलं.

दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवेना. अर्धा तास झाला. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. मुलानं हात जोडले, "आत्या, तुमचं झाड आम्ही सांभाळू." आणि लगेच कावळा उतरला. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र खाली बघत होते. बुंधा आतून पोकळ झालाय हे त्या सगळ्यांत मला एकटीला माहीत होतं. आयुष्यात मी बऱ्याच जणांना फसवलं, पण कावळ्याला फसवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

तेराव्याला जेवणं झाल्यावर तुमचे मनमाडचे धाकटे दीर बोलायला उठले. चांगलं बोलले. तुम्ही नोकरी कशी केलीत, कुणापुढे हात कसा पसरला नाहीत. मग झाडावर आले. म्हणाले, वहिनींनी लेकरासारखं वाढवलं, वहिनी गेल्या आणि त्यानं अन्नपाणी सोडलं. तिथं एक छोटा दगड बसवू, त्यावर दोन ओळी लिहू. लोक माना डोलवत होते. मला ते ऐकवेना. हे खोटं माझं नव्हतं, आणि तरी सगळं माझंच होतं.

मी उभी राहिले. म्हटलं, "भाऊजी, झाडानं काही सोडलं नाही. मी त्याला पाणी पाजून मारलं. आक्का नको म्हणत होत्या, मी त्यांच्याशी खोटं बोलून रोज घालत होते."

मग मंगल हसायला लागली, डोळे पुसत. "ही अशीच हाय," ती सगळ्यांना सांगायला लागली. "मला इतकी वर्षं केवडा म्हणून सांगायची. मला काय कळत नव्हतं? पण म्हटलं, सांगतेय एवढं हौसेनं, तर घ्या." लोक हसले. दीर हसले. कुणीतरी म्हणालं, दुःखात पण काकूंचा स्वभाव जात नाही. एका बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, असं स्वतःला लावून घेऊ नये म्हणाली. सुनेनं मला आत नेलं, पंखा लावला आणि ग्लासभर पाणी दिलं.

पन्नास वर्षं मी थापा मारल्या, त्या सगळ्यांनी मानल्या. एकदा खरं बोलले तर एवढं हसू झालं. तुम्ही असतात तर तुम्हाला पटलं असतं. तुम्ही म्हणाला असतात, "दिसतंच."

विश्वास ठेवला तो एकट्या ईश्वरीनं. मांडव उठल्यावर माझ्याजवळ येऊन बसली आणि विचारलं, "आजी, खरंच घातलंस?" मी मान हलवली. ती रागावली नाही, बरं वाटावं असंही काही बोलली नाही. मागं गेली आणि झाडाला हात लावून लावून बघून आली. मग एका नर्सरीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, खोड मऊ पडलं म्हणजे संपलं, त्याचं काही होत नाही. पण एखादा शेंडा कडक आणि हिरवा असेल तर तेवढा कापून घ्या, सावलीत ठेवा, जखम सुकू द्या. मग कोरड्या वाळूत उभा करा. मुळं फुटली तर फुटली. महिना, दोन महिने, सांगता येत नाही. आणि तोवर पाण्याचा थेंब नको.

तीनांतला एक शेंडा तसा निघाला. कापताना माझ्या दंडात एक पान घुसलं, चांगलं रक्त आलं. घुसू दे म्हटलं.

आता तो तुमच्या खिडकीच्या आत, सावलीला, गोणपाटावर आडवा पडलाय. कापलेली बाजू पांढरी होती ती तपकिरी झाली. जगेल की नाही, मला कळत नाही. रोपाकडे बघून ते जगणार की नाही हे मी लांबून सांगायची, बाजारातल्या बायका मला विचारून घ्यायच्या. याचं काहीच कळत नाही. जिवंत असलं तरी असंच दिसतं आणि मेलं असलं तरी असंच. मी सकाळी त्याच्याजवळ बसते, दुपारी बसते. काही करायचं नाही हेच काम आहे, आणि ते मला येत नाही, आक्का. ते तुम्हाला यायचं. तुम्ही कशा बसायचात? त्या पाच महिन्यांत, चारच्या घोटानंतर, दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत, तुम्ही नेमकं काय करायचात, हे मी एकदा तरी विचारायला हवं होतं. मी पाइप धरून बाहेर उभी राहिले, आत येऊन तुमच्याजवळ बसले नाही.

माझा मलाच भरवसा नाही, म्हणून परवा मागच्या नळाची चावी काढून ईश्वरीच्या हातात दिली. म्हटलं, मी मागितली तरी देऊ नकोस, कितीही गोड बोलले तरी. स्वयंपाकघरातला नळ आहेच, पण तिथून तांब्या भरून न्यायचा तर सगळ्या घराच्या डोळ्यांदेखत न्यावा लागतो, आणि तेवढी निर्लज्ज मी अजून झालेली नाही.

आज दुपारी ऊन फार होतं. शेंड्याची दोन पानं टोकाकडून वळायला लागली होती. मी ईश्वरीकडे चावी मागितली. म्हटलं, नुसतं ओंजळभर, पानांवर शिंपडते, बुडाला लागू देणार नाही.

ती म्हणाली, "आजी, नको ना."

मी पुन्हा मागितली. तिनं चावी मुठीत घट्ट धरली, मूठ पाठीमागे नेली आणि रडायला लागली.

मी तिला जवळ घेतलं, आक्का. म्हटलं, बरोबर केलंस.